लाल ओळखणारी फिल्म

आत्याला फोटो हवा होता, पण मोबाइलवरचा नको होता.

मोबाइलवर तिचे पुष्कळ फोटो होते, मीच काढलेले. माझ्या लेकाला, ढब्बूला, मांडीवर घेतलेली, हातातल्या गोळीकडे संशयाने बघणारी, खिडकीशी पाठमोरी बसलेली. ते दाखवले की ती चष्मा कपाळावर सरकवून एकेक बघायची आणि फोन मला परत द्यायची. "हे फोटो नव्हेत, ही हजेरी आहे," म्हणायची. तिला हवा होता तो बाबांच्या भात्याच्या कॅमेऱ्यावरचा. केस विंचरून, खुर्चीत नीट बसून, दोन्ही हात मांडीवर दिसतील असा. एकच. आणि तिला बसता येतंय तोवर.

हॉस्पिटलातून डॉक्टरांनी तिला घरी न्यायला सांगितलं होतं. "घरी न्या" ह्या दोन शब्दांत काय काय असतं ते आम्हाला कळलं होतं, तिलाही कळलं होतं. मी ढब्बूला घेऊन माहेरी येऊन राहिले ती त्यासाठीच. नवरा त्याच्या कामाच्या गावी होता, सुट्टीला येऊन जायचा. आई जाऊन बरीच वर्षं झाली. तिच्यामागे मला वाढवलं ते ह्या आत्यानेच. ती बाबांची मोठी बहीण. लग्न करून कुठे गेली नाही. कोणी विचारलंच तर सांगायची, धाकट्याला एकट्याला चहासुद्धा करता येत नाही, त्याला कोणाच्या भरवशावर सोडू? धाकटा म्हणजे बाबा. सत्तरी उलटलेल्या माणसाला धाकट्या म्हणून हाक मारणारं जगात एवढं एकच माणूस उरलं होतं.

घराची पुढची खोली म्हणजे बाबांचा स्टुडिओ. उत्तरेला मोठी खिडकी, तिच्याशेजारी एक खुर्ची, मागे राखाडी पडदा. दिव्यांवर बाबांचा कधी विश्वास नव्हता. खिडकीचा उजेड माणसाच्या एका गालावर पडायचा, आणि दुसऱ्या गालावर तो परतवायला कोणीतरी पांढरी चादर ताणून धरायला लागायची. ती आत्या धरायची. वर्षानुवर्षं. लग्न ठरलेल्या मुली आल्या, परीक्षा पास झालेली मुलं आली, नोकरीतून सुटलेले म्हातारे आले, सगळ्यांच्या दुसऱ्या गालावर आत्याने उजेड पाडला. चादरीमागे तिचं तोंड कधी दिसलं नाही. बोटं तेवढी दिसायची. निगेटिव्हच्या कडेला चादरीचा काठ आणि त्यावर तिची चार बोटं हमखास यायची, आणि फोटो छापताना बाबा ती कापायचे.

"अख्ख्या गावाच्या फोटोत मी आहे," ती मला म्हणाली, "आणि ह्याने मला नखांपर्यंत छाटून टाकलंय."

बाबा तिथेच पेपर वाचत होते. म्हणजे पेपर डोळ्यांसमोर धरून बसले होते. मोतीबिंदू पिकत आल्यापासून मथळ्यांपलीकडचं त्यांना काही लागत नव्हतं, आणि डोळ्यांचं ऑपरेशन आत्याच्या दुखण्यामुळे पुढे ढकललं होतं. इतक्या वर्षांत आत्याचा एक फोटो का नाही काढला, असं मी त्यांना विचारलं. ते म्हणाले, मग चादर कोण धरणार होतं? हे उत्तर त्यांना स्वतःलाच फारसं पटलं नसावं. दुपारी कपाटातून कॅमेरा काढून ते तो मऊ फडक्याने पुसत बसले.

कॅमेरा धडधाकट होता. भात्याला कुठे चीर नाही, भिंगावर ओरखडा नाही. घोडं पेंड खात होतं ते फिल्मपाशी. एकशे सोळा नंबरची, चार बोटं रुंद, एका रिळावर आठ फोटो येतात अशी ती फिल्म आता जगात कोणी बनवतच नाही. कारखान्याने ती बंद केली तेव्हा माझा जन्मही व्हायचा होता. बाबांनी मग धंद्याला दुसरा कॅमेरा घेतला आणि शेवटपर्यंत तोच चालवला, पण आत्याच्या मते त्यांनी खरे फोटो काढले ते ह्या पहिल्यावरच. दुसऱ्याला ती टपरी म्हणायची.

ओळखीपाळखीच्या सगळ्यांना फोन झाले. नंबर मी लावून द्यायची, बोलायचे बाबा. एका नावाजलेल्या दुकानात आता मोबाइलची कव्हरं मिळत होती. दुसरीकडे फोन उचललेल्या मुलीने विचारलं, फिल्म म्हणजे कुठला पिक्चर, काका? एका जुन्या दुकानदाराच्या बायकोने तेवढं माळ्यावरून शोधून एक रीळ पाठवलं, मुदत कधीच उलटून गेलेलं. बाबांनी त्यावर भिंत, खिडकी, ढब्बूचा टब असं काय काय टिपलं आणि ते धुतलं. नुसता चिखल निघाला. पण त्यांनी ते रीळ फेकलं नाही. त्याची लोखंडी फिरकी आणि फिल्मच्या पाठीला असतो तो लांब काळा कागद, ज्यावर फोटोंचे आकडे छापलेले असतात, दोन्ही जपून ठेवलं. आता ह्या कागदावर गुंडाळायला तेवढ्याच रुंदीची कुठलीही फिल्म चालेल, म्हणाले.

बाजारात अजून मिळते ती मोठी फिल्म अरुंद भरत होती. टोकांना लाकडी चकत्या बसवून ती ह्या कॅमेऱ्यात घालायची युक्ती त्यांना माहीत होती. पण मग फोटोच्या कडा जाणार, असं ते बोलता बोलता बोलून गेले. आत्याने आतून ऐकलं.

"म्हणजे इथेही माझी बोटं जाणार का रे?"

चकत्यांचा विषय तिथेच संपला.

शेवटी माग लागला तो एका नकाशेवाल्याचा. विमानातून जमिनीचे फोटो काढणाऱ्या खात्यात आयुष्य गेलेला माणूस. खात्याने फेकायला काढलेला फिल्मचा एक मोठा डबा त्याने घरी आणला होता आणि इतकी वर्षं फ्रिजमध्ये ठेवला होता. बायको पहिल्या दिवसापासून विचारत होती, ह्यात खाण्यासारखं काय आहे? ढब्बूला पोटाशी बांधून आणि बाबांचा दंड धरून मी त्याच्याकडे गेले. फिल्म बरोबर तेवढीच रुंद निघाली. दोन्ही कडांना भोकांची रांग होती, तेवढं चालणार होतं. डबा हातात देताना त्या माणसाने तीनतीनदा बजावलं. ही फिल्म धुक्यातून, धुरकटातून आरपार खालची जमीन बघायला केलेली आहे. इतर फिल्मपेक्षा हिला लाल रंग फार दिसतो. लाल दिव्याच्या आसपास नेऊ नका, कॅमेऱ्याच्या पाठीवर आकडे बघायची ती लाल काचेची खिडकी असते तीसुद्धा बंद करा.

परत येताना बाबा बसमध्ये फुगून बसले. "मला शिकवतोय," म्हणाले. तो आभाळात बसून शेतं मोजत होता तेव्हा आपण काय काय करत होतो ते त्यांनी सांगायला घेतलं, पण ढब्बूने भोकाड पसरलं आणि ते तसंच राहिलं. घरी आल्या आल्या मात्र त्यांनी त्या खिडकीवर काळी चिकटपट्टी लावली. एकावर एक, दोन.

डार्करूम म्हणजे स्टुडिओमागची कोंदट खोली. ढब्बूचा टब आणि कपडे वाळवायचा स्टँड मी तिथून बाहेर काढला, दाराच्या फटींना जुनी पांघरुणं कोंबली. काम सांगायला सोपं होतं. पूर्ण अंधारात डब्यातून दोन हात फिल्म कापायची, तिचं टोक काळ्या कागदाला चिकटवायचं, आणि कागदासकट ती घट्ट गुंडाळत फिरकीवर चढवायची. सैल पडली तर कडेने उजेड शिरतो, फार ओढली तर ओरखडे पडतात. मी मदतीला येऊ का विचारलं तर बाबा म्हणाले, अंधारात तुझे डोळे आणि माझा मोतीबिंदू एकाच किमतीचे.

पण आत्याने हट्ट धरला की ती आत बसणार. पूर्वी फोटो छापायच्या वेळी ती त्यांच्याशेजारी स्टुलावर बसून सेकंद मोजायची. तिच्या मोजण्यावर बाबांचा घड्याळापेक्षा जास्त भरवसा. पुन्हा एकदा बसू दे रे, म्हणाली. आम्ही तिला दोन्ही बाजूंनी धरून नेलं, पाठीला उशी दिली. मी दार ओढून घेतलं आणि ढब्बूला पाजायला मागच्या खोलीत गेले. तिथवर दोघांचं बोलणं यायचं, शब्द लागायचे नाहीत. मध्येच आत्या हसली. इतक्या दिवसांत मी तिचं हसू ऐकलं नव्हतं. ढब्बू दूध प्यायचा थांबला आणि ऐकत राहिला.

बाबा बाहेर आले ते तरंगतच. आज हात कसे चालले विचारू नकोस, म्हणाले, विशीत असल्यासारखे.

दुसऱ्या दिवशी सकाळी उजेड चांगला होता. मी आत्याचे केस विंचरले, ते हातात येत होते म्हणून कंगवा हळूच फिरवला. तिने निळी साडी नेसायची ठरवली, मग राखाडी, मग पुन्हा निळी. खुर्चीत बसल्यावर तिने दोन्ही हात मांडीवर ठेवले आणि सुयांनी काळेनिळे झालेले भाग पदराखाली घेतले. चादर मी धरली. ढब्बूला पाळण्यात ठेवलं होतं.

आत्या खुर्चीतून हुकूम सोडत होती. वर धर. अजून वर. उजेड माझ्या गालावर पाड, छतावर नको. इतकी वर्षं चादर धरलेल्या माणसापुढे चादर धरणं काय असतं ते मला त्या दिवशी कळलं. बाबांना भिंगातून नीट दिसत नव्हतं, म्हणून ते शिंप्याची टेप घेऊन कॅमेऱ्यापासून तिच्या नाकापर्यंतचं अंतर मोजत होते.

"माप माझ्या नाकाचं घेतोयस की पुढच्या तयारीचं?"

"हलू नकोस, ताई."

"आत्या, माझी बोटं आत येतायत बहुतेक," मी म्हटलं.

"येऊ देत. कोणाची तरी येऊ देत."

एकेक फोटो काढून झाला की बाबा फिल्म पुढे सरकवायचे, मी चादरीच्या सावलीत पट्टी जराशी उचलून आकडा वाचायची, पट्टी पुन्हा दाबायची. पहिल्या चारपाच फोटोंत आत्या बोलतच होती. मग गप्प झाली आणि कॅमेऱ्याकडे नाही, कॅमेऱ्यामागे वाकलेल्या भावाकडे बघत राहिली. त्या तोंडावर एरवीची थट्टा नव्हती, दुखणंही नव्हतं. चादर धरलेले माझे हात भरून आले होते, पण मी ती खाली केली नाही. आठवा फोटो झाल्यावर ती म्हणाली, "संपले ना? आता मला आडवं करा."

बाबांनी त्याच दुपारी फिल्म धुतली. आत्या तिच्या खोलीत गुंगीत होती. धुतलेली ओली फिल्म डार्करूमच्या दारात टांगून त्यांनी मला हाक मारली. त्यांना ती नुसती गडद दिसत होती, आणि गडद तर त्यांना आताशा सगळंच दिसायचं.

"काय आलंय?"

"काळं आहे, बाबा."

"फोटो काळे आहेत?"

"सगळंच काळं आहे."

त्यांनी ओले हात शर्टाला पुसले. मग त्यांनी मला अगदी शिकवताना बोलायचे तशा आवाजात सांगितलं की घाई करायची नाही. दोन फोटोंच्या मधे एक बारीक पट्टी असते. उजेड लागेल तिथे फिल्म काळी पडते, पण कॅमेऱ्यात त्या पट्टीवर उजेड पोचूच शकत नाही. ती काचेसारखी स्वच्छ असेल, तर जे काय बिघडलं ते फोटो काढताना बिघडलं. "आणि ती पण काळी असेल, तर कॅमेऱ्यात भरायच्या आधीच..." म्हणाले.

मी फिल्म खिडकीशी धरली. कडेच्या भोकांतून आकाश दिसत होतं. बाकी कुठूनही काही दिसत नव्हतं. पट्ट्या नव्हत्या, खुर्ची नव्हती, आत्या नव्हती.

"काळी आहे," मी म्हटलं. "टोकापासून टोकापर्यंत."

बाबा स्टुलावर बसले. आत्या झोपायची तिकडे एकदा त्यांनी मान वळवली आणि आवाज खाली आणला. "अंधारात तिला कोंडल्यासारखं झालं. म्हणाली, धाकट्या, दिवा लाव रे. मी लावला."

"लाल?"

"दुसरा आहेच कुठे तिथे?" ते आपल्या हातांकडे बघत म्हणाले, "ती शेजारी बसली होती ना. ती शेजारी असली की छापायचंच काम असायचं. छपाईच्या कागदाला लाल दिवा चालतो. हात गेला आपला. आणि मी समजत होतो, आज हात काय सुरेख चालतायत."

मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. त्यांनी तो राहू दिला. मला म्हणाले, फिल्म अजून डब्यात आहे, काही बिघडलेलं नाही. आजच पुन्हा भरतो, उद्या सकाळी पुन्हा काढतो. फक्त तिला दिव्याचं कळता कामा नये. तिच्याच शब्दाने तिचा फोटो गेला, हे तिने ह्या दिवसांत डोक्यात घेऊन पडायचं नाही. मला ते पटलं. तेव्हा तरी पटलं.

आत्या जागी झाल्यावर ते तिच्या खोलीत गेले, मी दारात उभी राहिले. शटर अडकलं, त्यांनी सांगितलं. उघडलंच नाही. फिल्म कोरी निघाली.

आत्याने उशीवरची मान त्यांच्याकडे वळवली.

"आठही वेळा?"

"आठही वेळा."

"आयुष्यभर लोकांचे फोटो काढलेस," ती म्हणाली, "आणि बहीण बसली तेव्हा शटर अडकलं."

"हो ना," बाबा म्हणाले.

उद्या पुन्हा बसशील का, त्यांनी विचारलं. मला वाटलं, झालं, एका रात्रीचा प्रश्न आहे. पण आत्या म्हणाली की आधी ते शटर घड्याळजीला दाखव. अडकणाऱ्या शटरपुढे मी पुन्हा नटून बसायची नाही. मीच बघतो, बाबा म्हणाले. तू काय बघतोस, तुला ताटातला खडा दिसत नाही, ती म्हणाली. बाबांनी शटर चांगलं आहे असं म्हणावं तर मग काय झालं ते सांगावं लागणार. आपल्याच तोंडच्या शब्दात माणूस किती घट्ट अडकतो ते मी बघत होते.

तेव्हा दुसऱ्या सकाळी, उजेड पुन्हा तसाच चांगला असताना, बाबा कॅमेरा पिशवीत घालून गावाच्या दुसऱ्या टोकाला घड्याळजीकडे गेले. त्याने म्हणे शटर पाचसहादा वाजवून बघितलं आणि सांगितलं, ह्याला काही झालेलं नाही. बाबांनी त्याला तरी ते उघडून साफ करायला लावलं. लगेच परत गेलो असतो तर तिने ओळखलं असतं, मला नंतर म्हणाले. घड्याळजीने कॅमेरा ठेवून घेतला, उद्या या म्हणाला.

ते तिकडे असताना मी आत्याला चमच्याने पाणी पाजत होते. दोन चमचे घेऊन तिने मान फिरवली.

"शटरला काय धाड भरलीय?" ती म्हणाली. "आठही वेळा नीट वाजलं. ते मी माझ्या श्वासाइतकं ओळखते."

मी चमचा वाटीत ठेवला. "मग तुम्ही त्यांना पाठवलंत कशाला?"

"दिवा मीच लाव म्हटलं ना." ती छताकडे बघत होती. "रात्रभर आठवत होते, काय चुकलं असेल. छापताना चालतो तो दिवा, भरताना नाही, एवढं मलाही कळतं. पण अंधारात जीव घाबरा झाला ग. त्याला वाटतंय मला कळलेलं नाही. वाटू दे. शटरवर जाऊ दे सगळं."

मी म्हटलं, मी सांगते बाबांना, फोन करून बोलावते, ते आज फिल्म भरतील. तिने माझं मनगट धरलं. पकडीत काही जोर नव्हता, पण सोडवून घेणं मला जमलं नाही.

"काय सांगशील? की तिला कळलंय, तिच्यामुळेच गेला? मग तो जन्मभर ते घेऊन बसेल. तसा बसणारा आहे तो, लहानपणापासून." थोडा दम घेऊन म्हणाली, "आणि आज मला बसवतही नाहीये. तेही त्याला कळायला नको. दोन दिवस घड्याळजीकडे जाऊ देत, तोवर मी जरा अंग धरते. परवा बसेन."

ढब्बू पाळण्यात उठला होता. मी त्याला घ्यायला गेले. घरात दोन माणसं एकमेकांना जपत होती आणि मधे मी मूग गिळून बसले होते. कोणाला दुखवायचं ते ठरवता येत नव्हतं, म्हणून मी काहीच ठरवलं नाही. परवा बसेन म्हणाली होती ना. परवा काही फार लांब नसतो.

दुसऱ्या दिवशी तिला उठवेना. पाय सुजले होते, आवाज आत गेला होता. डॉक्टर आले, नाडी बघितली, आणि आता हलवू नका म्हणून बाहेर येऊन चप्पल घालता घालता सांगून गेले. दुपारी बाबा कॅमेरा घेऊन परतले. मी दारातच सांगितलं. त्यांनी हातपायही धुतले नाहीत, सरळ डार्करूममध्ये गेले. लाल दिव्याचा बल्ब मी आधीच काढून ठेवला होता. ते फार वेळ आत होते. एकदा काहीतरी पडल्याचा आवाज आला, एकदा त्यांनी स्वतःलाच शिवी दिली. बाहेर आले तेव्हा शर्ट पाठीला चिकटला होता, पण कॅमेरा भरलेला होता.

आम्ही आत्याला तीन उशा लावून बघितलं. मान सरळ राहत नव्हती. मी म्हटलं, आहे तसाच काढा बाबा. उजेड चांगला आहे, मी चादर आणते. त्यांनी तिच्या कानाशी वाकून विचारलं.

"झोपलेला नको," आत्या म्हणाली. शब्द सुटे सुटे येत होते. "झोपलेल्यांचे फोटो काढायला तू जायचास. मी यायचे चादर घेऊन. तसला नको."

मला हे माहीत नव्हतं. लोक मेलेल्या माणसाचा शेवटचा फोटो काढायला बाबांना घरी बोलवायचे, आणि तिथेही दुसऱ्या गालावर उजेड पाडायला आत्या असायची.

"खुर्चीत," ती म्हणाली. "उद्या."

बाबा तिच्या शेजारी बसले, कॅमेरा मांडीवर घेऊन. थोड्या वेळाने तिने डोळे उघडले आणि विचारलं, शटर झालं का? झालं, ते म्हणाले. वाजव, ती म्हणाली. त्यांनी भिंगाचं तोंड तिच्यावरून काढून भिंतीकडे वळवलं आणि कॅमेरा तिच्या कानापाशी नेऊन एकदा खटका दाबला.

आत्याने ऐकलं. "हं," म्हणाली. "आता बरं वाजतंय."

माझ्याकडे तिने बघितलं नाही. बाबांनी मान हलवली आणि फिल्म एक घर पुढे सरकवली, सवयीने.

तो उद्या तिला बसवण्यासारखा नव्हता. त्याच्या पुढच्या दिवशी ती गेली.

माणसं येऊन गेली, भेटून गेली. घर आता आमचं तिघांचं उरलं. नवरा मला न्यायला यायचा होता, मी ढब्बूचे कपडे बॅगेत भरत होते. बाबा पुढच्या खोलीत खिडकीशी बसले होते. कॅमेऱ्यात उरलेल्या सात फोटोंची फिल्म तशीच होती. तुझा आणि पोराचा काढू का, असं त्यांनी एकदा विचारलं, आणि मी हो म्हणायच्या आत, नको, डोळ्यांचं झाल्यावर बघू, म्हणाले. मी त्यांच्याजवळ जाऊन बसले. ढब्बू रांगत येऊन त्यांच्या पायाशी थांबला, त्यांच्या बोटाला धरून उभं राहायला बघत होता.

"दिव्याचं तिला कळलं नाही, एवढं एक बरं झालं," ते म्हणाले.

मी ढब्बूची टोपी सारखी केली.

"पण शटर अडकलं असं समजून गेली ग ती." त्यांनी बोट ढब्बूच्या मुठीत राहू दिलं. "माझं शटर कधी अडकलं नव्हतं. एवढी वर्षं शेजारी उभी राहून तिनेच ते ऐकलं. आणि शेवटी तिच्या मनात काय राहिलं, तर हा भाऊ बहिणीच्या वेळी साधं शटर सांभाळू शकला नाही."

तिने ऐकलं होतं, आठही वेळा, हे वाक्य माझ्या ओठांवर होतं. ते सांगितलं असतं तर त्यांच्या मनावरचा हा दगड उतरला असता. पण त्याच्या पाठोपाठ त्यांनी विचारलं असतं, मग तिला वाटलं तरी काय, फिल्म कशाने गेली? आणि दुसरा दगड त्याहून जड होता, तो तिने माझं मनगट धरून माझ्यापाशी ठेवायला दिलेला. एक उचलला की दुसरा आपोआप पडणार होता.

"बाबा," मी म्हटलं, "तुमचं शटर चांगलंच वाजायचं."

"हो," ते म्हणाले. "सगळ्यांना माहीत आहे ते. तिलाच तेवढं पटलं नाही."